सिल्वेरचं माप

मारिगोच्या चढावर सिदोनीचं दुकान आहे. खारा मासा, खिळे, मेणबत्त्या, साबण आणि रम. गाव तिला माँ सिदोनी म्हणतं. एक्केचाळीस वर्षांत तिने किती बाटल्या रिकाम्या होताना पाहिल्या याची गणती नाही, पण कुणाच्या पेल्यात स्वतःच्या हाताने थेंबभर रम ओतली असेल तर शपथ.

यात तिचं व्रतबित काही नव्हतं. मार्तिनिक बेटावर रीतच तशी. गिऱ्हाईक आलं की त्याच्यापुढे छोटा पेला, साखर, लिंबाची चकती आणि बाटली ठेवायची आणि तोंड फिरवायचं. पेल्याची किंमत एकच, आत किती हे ज्याचं त्याने बघावं. माणूस ओतत असताना त्याच्या पेल्याकडे बघणं म्हणजे तो आंघोळ करत असताना दार उघडण्यासारखं. म्हणून बाटलीकडे कुणाचा हात गेला की सिदोनी सुरी उचलून लिंबू चिरायला घ्यायची. राजधानीतल्या हॉटेलांत हल्ली धातूच्या मापाने मोजून रम देतात असं तिच्या कानावर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खोकल्यावर देत असतील."

दुकान तिला मावशीकडून मिळालं आणि नवरा शेजारच्या गावातून. नवरा तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांसाठी म्हणून फ्रान्सला कामाला गेला. ते सहा महिने अजून संपायचे आहेत. सिदोनीने वाट पाहिली नाही असं नाही, पण दुकान उघडं ठेवून जेवढी पाहता येते तेवढीच पाहिली.

रोज अकरा वाजता येणाऱ्यांत सिल्वेर सर्वांत जुना. त्याचा उभा जन्म रमच्या भट्टीवर गेला. तांब्याच्या नळीतून उतरणारी रम तो बाटलीत धरून हलवायचा आणि वरचे बुडबुडे बघून किती कडक आहे ते सांगायचा. साहेब लोक मागाहून यंत्र लावून तोच आकडा काढायचे आणि पगार मात्र यंत्रवाल्यालाच जास्त मिळायचा. सिल्वेर कमी बोलणारा. यायचा, ओतायचा, प्यायचा, वर घोटभर पाणी घ्यायचा आणि जेवायला घरी जायचा.

फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. तोंड सावरलं, पाय सावरला, उजवा हात काही सावरला नाही. एप्रिलमध्ये तो काठी टेकत दुकानात आला. सिदोनीने बाटली पुढे ठेवली आणि लिंबू घेतलं. मग बाटलीचं तोंड पेल्यावर टकटक वाजू लागलं आणि रम काउंटरवरून ओघळून खाली जमिनीवर टपटपली. दुकानात पाच माणसं होती. पाचही जण रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर काही नव्हतं.

"चुलीवर भांडं राहिलं वाटतं," सिल्वेर म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर दीड महिना तो फिरकला नाही.

"कोंपे सिल्वेरने, आपल्या दोस्ताने, सोडली म्हणे," नेस्तोर म्हणाला. हा निवृत्त पोस्टमन. गावाची पत्रं वाटण्याआधी वाचायची सवय असल्याने अजूनही त्याला सगळं आधी कळतं. "डॉक्टरने सांगितलं वाटतं."

"डॉक्टरने एक चालेल म्हटलंय," सिल्वेरची मुलगी मार्लेन खारा मासा घ्यायला आली तेव्हा म्हणाली. "पण माँ सिदोनी, ते अकराला खिडकीत जाऊन बसतात ते बसतातच. जेवणात लक्ष नाही. काल मीच पेला भरून दिला, तर उठून कुंडीत ओतला. म्हणाले, दुसऱ्याने ओतायची ती मेलेल्यांसाठी, आणि तीसुद्धा जमिनीवर."

"डाव्या हाताने?"

"पाणी घेऊन सराव करतात, मी झोपले असं समजून. सगळी लादी ओली."

सिदोनीने एका चपट्या बाटलीत एका पेल्याची रम भरली आणि नेस्तोरबरोबर पाठवली. बाटली तशीच परत आली. निरोप होता: औषध मला दवाखान्यातून मिळतं.

"मी म्हणत होतो," नेस्तोर म्हणाला.

"तू काय म्हणत होतास?"

"काही नाही. पण म्हणणार होतो."

दुसऱ्या दिवशी सिदोनीने पावणेअकराला दुकानाला कुलूप लावलं. असं यापूर्वी चक्रीवादळात दोनदा आणि मावशीच्या अंत्यविधीला एकदा झालं होतं. चढ चढून ती सिल्वेरच्या खिडकीखाली उभी राहिली. धाप लागली होती.

"उद्या अकराला ये," ती म्हणाली. "मी ओतते."

"तू?"

"मी."

"आणि किती, ते कोण सांगणार? मी? थांब गं, बास गं, अजून थोडी गं? लहान पोराला सूप वाढतात तसं? तोंडातून शब्द काढणार नाही मी."

"नको काढूस."

"मग?"

"मग ये. नाहीतर बस इथे फुलझाडांना दारू पाजत."

सिल्वेर आला. इस्त्रीचा सदरा घालून आला, कारण तो प्यायला नव्हे, भांडण जिंकायला आला होता. नेहमीची चार माणसं होतीच. साखर त्याने डाव्या हाताने स्वतः घातली, कुणाला चमच्याला हात लावू दिला नाही. लिंबू पिळलं. मग ओठ घट्ट मिटून काठीवर हात ठेवून उभा राहिला.

सिदोनीने बाटली उचलली. एका झटक्यात ओतली आणि बाटली उभी केली. हात आखडला नाही की सैल पडला नाही. शेवटी बाटलीला अर्धा वळसा दिला, सिल्वेर द्यायचा तसा.

सिल्वेर खाली वाकला. भट्टीवर बुडबुडे बघायचा तसा एक डोळा मिटून पेल्याकडे बघत राहिला. खूप वेळ.

"तू बघत होतीस," तो म्हणाला.

"मी लिंबू चिरत होते."

"इतकी वर्षं?"

"लिंबं खूप लागतात दुकानाला."

एकाला टोपी सापडेना, एक पंख्याचं पातं निरखू लागला. सिदोनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि हातात सुरी नसल्याने हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. रीतभात पाळणाऱ्या दुकानदारणीने पाच जणांसमोर कबूल करावं अशी ती गोष्ट नव्हती.

सिल्वेरने डाव्या हाताने पेला उचलला. प्यायला. पाण्याचा घोट घेतला.

"साखर जास्त पडली," तो म्हणाला. "पण ती माझी मी घातली."

एवढं झाल्यावर नेस्तोरला राहवेना. त्याने आपला पेला पुढे सरकवला. "माँ सिदोनी, आता माझंही ओत. बघू."

"तुझं मला माहीत नाही."

"तीस वर्षं येतोय मी इथे!"

"येतोस ना. बाटली तिथे आहे, ओत."

नेस्तोर दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी आला आणि जरा जास्तच मोठ्या धारेने ओतू लागला. सिदोनीने लिंबू घेतलं.

सिल्वेर आता रोज येतो. सिदोनी बाटली उचलते तेव्हा दुकानातली माणसं न सांगता रस्त्याकडे तोंड करून उभी राहतात, आणि परगावचा कुणी असला तर त्यालाही खांद्याला धरून वळवतात. साखर अजून सिल्वेर स्वतःच घालतो. निम्मी काउंटरवर सांडते, सिदोनी ती पुसत नाही, आणि मारिगोच्या चढावरच्या मुंग्यांचं सध्या उत्तम चाललं आहे.