तळ्याकाठचा माणूस विक्रीसाठी नाही

दुष्काळात आमच्या नळाला आठवड्याने पाणी येतं. ऑनलाइन चित्र विकायला बसलं की गिऱ्हाइकांचे किस्से मात्र रोज येतात, आणि ते साठवायला पिंप लागत नाही.

आम्ही तिघं. मी शाळेत शिकवते, शेळके एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत, गफूरभाई वीज कचेरीत. उरलेल्या वेळात चित्रं काढतो आणि ती आपापल्या पेजवर टाकतो. सुट्टीच्या सकाळी गफूरभाईंकडे चहाला जमतो आणि गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडतो.

*

शेळके मूळचे देवगाव रंगारीचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. कोळशाने ते काळ्या मेंढ्यांचा कळप असा काढतात, की खोलीत धूळ उडाल्यासारखी वाटते.

एका बाईंचा मेसेज आला, "कळप आवडला. फक्त मेंढ्या पांढऱ्या करून द्या. आमचा सोफा क्रीम आहे."

शेळक्यांनी शांतपणे फोन केला. "ताई, ह्या आमच्या गावच्या मेंढ्या हायत. आमच्याकडं काळ्याच असत्यात."

"हो का? मग दुसऱ्या गावच्या काढा!"

*

गफूरभाई घरांच्या पाट्यांची अक्षरं हाताने काढतात. एक ‘र’ मनासारखा यायला त्यांना अख्खी दुपार लागते.

नव्या टाउनशिपमधल्या एका साहेबांनी पाटीचा फोटो बघून विचारलं, "फॉन्ट मस्त आहे. नाव काय त्याचं? फाईल पाठवून द्या, बाकी आम्ही बघून घेऊ."

गफूरभाई म्हणाले, "फॉन्ट का नाम गफूर है, साब. डाउनलोड नै होता. चाय पिला के बुलाना पडता!"

साहेबांनी ब्लॉक केलं.

*

आता माझं. माझ्या पेजवर तळ्याचं एक चित्र आहे. पडेगावच्या पुढे एक तळं होतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं रंगवायला बसायची, आणि माझे यजमान माझ्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत बसायचे. ते गेल्यावर मी ते तळं आठवून काढलं. काठावर तेही आहेत, पाठमोरे.

चित्राखाली ठळक लिहिलं, ‘विक्रीसाठी नाही’. मग टाकलंच कशाला, असं शेळक्यांनी विचारलं होतं. घरात ते बघायला माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून.

तासाभरात पहिला मेसेज, "मॅडम, विक्रीसाठी नाही म्हणजे फायनल किती?"

*

एक सद्गृहस्थ महिनाभर मागे लागले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, पण तेवढा माणूस काढून टाका."

"का?"

"मुलाच्या स्टडीरूममध्ये लावायचंय. अभ्यासाच्या खोलीत असा रिकामा बसलेला माणूस बरा दिसत नाही."

मी उत्तर टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं. परत पुसलं. एकतीस वर्षं नोकरी केली होती हो त्या माणसाने! पण ते अनोळखी गृहस्थाला कशाला सांगायचं?

शेळके म्हणाले, "बाई, मला द्या फोन. मी सांगतो त्याला."

नाही दिला. आम्हाला अजून ह्याच शहरात राहायचंय.

*

एका तरुणाने लिहिलं, "लोकेशन पाठवा ना. वीकेंडला फॅमिलीला घेऊन जाऊ."

बऱ्याच दिवसांनी मीही तिकडे गेले. तळ्याचा तळ भेगाळला होता, आणि त्या भेगांवरून चुन्याच्या सरळ रेघा मारलेल्या होत्या. मी त्याला कळवलं, "तळं आटलं. तिथं आता प्लॉट पाडलेत."

लगेच उत्तर आलं, "अरे वा! काय रेट चाललाय?"

*

आणि परवा शेळक्यांचा फोन. "बाई, तुमचं चित्र लई मोठं झालंय. पडेगावच्या रस्त्याला या."

गेले. गफूरभाईही आले होते. चौकात एका स्कीमचं होर्डिंग होतं. माझं तळं, माझं पाणी, मागे त्यांचे बारा मजली टॉवर. कोपऱ्यातली माझी सही पुसलेली. माणूस मात्र तसाच, काठावर, पाठमोरा. ट्रक गेला की तो हलत होता.

आम्ही तिघं तडक त्यांच्या ऑफिसात शिरलो. आत एसी, टेबलावर पाण्याच्या गार बाटल्या, टाय लावलेला गोड मुलगा.

"हे चित्र बाईंचं हाय," शेळके म्हणाले. "उतरवा."

"सर, हे नेटवरचं आहे. नेटवरचं सगळ्यांचंच असतं."

"तुम्हारा फोटो भी नेट पे होगा," गफूरभाई म्हणाले. "ले जाके दूध की थैली पे छाप दूँ?"

मुलगा हसला. असे लोक त्याने पुष्कळ पाहिले असावेत. तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही निवांत बसा. काय प्रॉब्लेम आहे?"

चौकातून येताना मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. भिंतीवर तेच चित्र होतं. त्यावर बोट ठेवून मी एवढंच विचारलं, "हा माणूस कोण आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"हे काका ना?" तो क्षणभरही अडखळला नाही. "आमचं पहिलं बुकिंग यांचंच, मॅडम. रिटायर्ड आहेत. चौथ्या मजल्यावर लेक-फेसिंग फ्लॅट घेतलाय. एकदम समाधानी! रविवारी साइटवर या, भेट घालून देतो."

शेळक्यांची मूठ टेबलावर आपटली. गफूरभाई उठून उभे राहिले.

"किती वाजता?" मी विचारलं.