आबांची हाळी

मी फिजिक्स शिकवते, हे आधीच सांगून टाकते. भूत, चकवा, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. समोरच्याला चार प्रश्न विचारून गप्प बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. आज माझी पाळी आहे. विचारा खुशाल — मलाही उत्तर हवंच आहे.

आमचं घर कोल्हापुरात, कसबा बावड्यात. पुढे रस्ता, मागे म्हशींचा गोठा, त्याच्या पलीकडे ऊस. हे दुमजली घर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, स्वतः उभं राहून बांधून घेतलं. आबा आधी पैलवान, नंतर तालमीचे वस्ताद. घरही त्यांनी पैलवानासारखंच बांधलं — जाडजूड भिंती, स्लॅबमध्ये लोखंड ठासून भरलेलं. भूकंपातही हलायचं नाही, पण मोबाईलची रेंजही आत यायची नाही!

आबांचा आवाज मात्र... काय सांगू! तसा आवाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. जिना जिथे वळतो, तिथल्या चौकोनी पायरीवर ते सकाळी चहा घेऊन बसायचे आणि तिथूनच अख्खं घर चालवायचे. "सूनबाई, खाली ये की गं!" अशी हाळी दिली की वरच्या मागच्या खोलीत मला, स्वयंपाकघरात सासूबाईंना आणि गोठ्यात म्हशीला, तिघींनाही ऐकू जायचं. नवी नवरी असताना मी दचकून हातातला कप फोडला होता. पुढे त्या आवाजाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटेना. शेवटच्या आजारात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्या माणसाला वाटीवर चमचा वाजवून पाणी मागताना बघणं... नको ती आठवण. गेल्या वर्षी ते गेले. सासूबाई तेव्हा रडल्या नाहीत, नुसत्या कामाला लागल्या.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात शिकवत होते. आठवडाभर मी तिकडे, पोरगी इकडे. स्वरा दर रविवारी संध्याकाळी माझी बॅग लपवून ठेवायची. मग एका ऑनलाइन क्लासची, घरून शिकवायची नोकरी दिसली. मुलाखतीत लाइव्ह तास घेऊन दाखवायचा आणि नेट तुटता कामा नये, अशी अट. म्हणून घरी वायफाय घेतलं.

आता राउटर कुठे ठेवला असेल? शोकेसमध्ये! आबांनी कुस्तीत जिंकलेल्या चांदीच्या गदांच्या मधोमध, आणि दाराला कुलूप. सासूबाईंचं म्हणणं, "एवढी भारी वस्तू आणलीया, मानाच्या जागीच ऱ्हाणार." वर हळदीकुंकू वाहिलेलं. माझा नवरा प्रताप आईपुढे ब्र काढत नाही. मी म्हटलं, "आई, धातूनं सिग्नल अडतो."

"गदेनं कुणाचं काय अडलंय आजवर?"

झालं! मग आम्ही बाकीचे सगळे उद्योग केले. चॅनल बदलले, अँटेना इकडून तिकडे वळवले, रेंज वाढवायचं एक डबडं आणून जिन्याजवळच्या प्लगात लावलं. तरी माझ्या खोलीत कधी एक दांडी, कधी तीही नाही.

मुलाखत दुपारची होती. प्रताप कामावर, स्वरा शाळेत. मी वर, मागच्या खोलीत फळ्यापुढे उभी आणि लॅपटॉपवर पुण्याच्या दोन मॅडम. सुरुवात बरी झाली. प्रकाशाचं वक्रीभवन सांगायला घेतलं आणि त्यांचे चेहरे जागच्या जागी थिजले. वायफाय गायब. पडद्यावर ते मेलं गोल चक्र फिरत राहिलं... मोबाईल बघितला, त्यालाही रेंज नाही. स्वराचं बॅग लपवणं आठवलं आणि मला रडूच फुटलं.

तेवढ्यात खालून हाळी आली.

"सूनबाई, खाली ये की गं!"

"आले आबा!" म्हणत मी धावत सुटले. विचारबिचार काही नाही, पाय आपोआप निघाले. जिन्याच्या वळणावर आले आणि थबकले. पायरी रिकामी होती. खाली स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई, पिठानं भरलेले हात तसेच. त्या माझ्याकडे नाही, पायरीकडे बघत होत्या.

"तू बी ऐकलंस व्हय?"

मी मान हलवली. त्यांनी हात पदराला पुसले, कमरेची किल्ली काढली, शोकेस उघडली आणि राउटर माझ्या हातात दिला. "ठेव तितं. तितनंच समदीकडं पोचायचं त्यांचं."

मागे वायरचं वेटोळं होतं, ती जिन्यापर्यंत आरामात आली. डबडं उपटलं आणि त्याच प्लगात राउटर लावला, आबांच्या पायरीवर. वर जाऊन बघते तर सगळ्या दांड्या फुल्ल! तास शेवटपर्यंत एकदाही अडकला नाही.

इथवर फिजिक्स आहे, मला कळतं. घराचा मध्य, मोकळा जिना, आजूबाजूला धातू नाही. आबांचा आवाज जिथून घरभर जायचा, तिथून सिग्नलही जाणारच. पण तास संपल्यावर मोठ्या मॅडम म्हणाल्या, "मघाशी तुमचं चित्र गेलं, आवाज गेला. आम्ही कॉल बंदच करणार होतो. तेवढ्यात कुणीतरी तुम्हाला हाक मारली — सूनबाई, खाली ये म्हणून. म्हटलं, लाइन चालू दिसतेय, थांबूया. सासरे का तुमचे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"काय खणखणीत आवाज आहे हो त्यांचा!"

नोकरी मिळाली. स्वरा आता बॅग लपवत नाही. पण नेट बंद, मोबाईल बंद, माझा आवाज पोचत नव्हता — मग तो आवाज पुण्यापर्यंत गेला कसा? खरं सांगायचं तर मी आता उत्तर फारसं शोधतही नाही.

त्या दिवशी खाली येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. नोकरीचं त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. एवढंच विचारलं, "कसा हुता म्हनली ती बाई, आवाज?"

"खणखणीत म्हणाली, आई."

त्या जिना चढून त्या पायरीवर बसल्या, राउटरच्या शेजारी. पदर तोंडाला लावला आणि वर्षभरात पहिल्यांदा हमसून हमसून रडल्या.

"ह्यांचा आवाज आला की गं परत," म्हणाल्या.