भातकुलीच्या खुर्चीवर कोण

नऊ जुलै, गुरुवार. सकाळी अकोल्याच्या सर्व्हरची डिस्क रिकामी करायला बसले. सर्व्हर अकोल्याच्या ऑफिसात, मी अमरावतीच्या. इथूनच लॉगिन करून त्याची साफसफाई करायची, हे माझं नेहमीचं काम. सर्व्हरवर कोण आलं, कोण गेलं याची नोंद आपोआप होते. तिला लॉग म्हणतात. एरवी हा लॉग महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून असतो. या वेळी त्याने जवळपास सगळी डिस्क खाल्ली होती, आणि नाव एकच होतं: भातकुली. आलं, गेलं. आलं, गेलं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"मॅडम, भातकुलीच्या हजेरीची प्रिंट द्या. तीन वाजता त्या शबाना शेखला बोलावलंय. प्रोबेशन शनिवारी संपतंय, कायम करायचं नाही असं ठरतंय."

"का?"

"दिवसरात्र ऑनलाइन दिसतात. सकाळी पावसाचा अंदाज टाकतात, तो मात्र उत्तम. नंतर कोणी काहीही विचारो, तोच अंदाज पुन्हा, उत्तर नाही. इतकी मुजोरी मी पाहिली नाही."

मी प्रिंट काढली नाही. आधी चहा मागवला.

आमचं शेतकरी सल्ला केंद्र त्या वर्षांत सुरू झालं होतं, जेव्हा दुबार पेरणीची बातमी झाली तरी कोणी मान वर करून बघत नव्हतं. शेतकरी अमरावतीला फोन करायचा. इथली ऑपरेटर त्याचा प्रश्न चॅटवर त्या तालुक्याच्या नावाने टाकायची. तालुक्याचा सल्लागार तिथल्या कॉम्प्युटरवर उत्तर लिहायचा, ते ऑपरेटर फोनवर वाचून दाखवायची. त्या आठवड्यात भातकुलीचे प्रश्न साचले होते. पाऊस ओढ देत होता. पट्टा खारपाणाचा, बोअरलाही खारंच पाणी. "बोअरचं पाणी फवारणीले चालंल का?" हा प्रश्न सोमवारपासून पडून होता. विचारणारा माणूस पंप घेऊन बसला असणार, किंवा मारून मोकळा झाला असणार.

पावसाचा अंदाज शबाना टाकत नव्हती. तो बॉट टाकत होता. बॉट म्हणजे चॅटवर माणसासारखा येऊन बसणारा प्रोग्रॅम. हा आमचा बॉट हवामानाची माहिती उचलून रोज सकाळी सगळ्या तालुक्यांना कळवायचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मीच बसवला होता. पण चॅटवर बसायचं तर बॉटलाही नाव लागतं, पासवर्ड लागतो. सर्व्हरवर नावं सांभाळणारी एक सेवा असते, दारावरच्या रखवालदारासारखी. नाव सांगा, पासवर्ड द्या, आत या. मी बॉटसाठी वेगळं नाव मागितलं होतं. आस्थापनेच्या काळे बाबूंनी विचारलं होतं, "मॅडम, पद मंजूर हाये का त्याचं?"

आमच्याकडे अकाउंट माणसाचं नसतं, पदाचं असतं. पदं नऊ, अकाउंटं नऊ. बॉटचं पद नव्हतं. तेव्हा भातकुलीचं रिकामं होतं. बाबू म्हणाले, "तिथं बसवा त्याले. खुर्ची रिकामीच हाये." लेखी आदेश आला. मी बसवला.

पुढे एप्रिलमध्ये ते पद भरलं. शबाना रुजू झाली. तिला चार्जमध्ये टेबल, कपाटाची किल्ली आणि पासवर्ड मिळाला, जो बॉटकडे होता तोच. आदेशाच्या प्रती पाच जणांना गेल्या. त्यात मी नव्हते.

हे सगळं मला चहा संपेपर्यंत नुसतं वाटत होतं. खात्री करायला भातकुलीला फोन लावला.

"शबाना, चॅट उघडा."

"उघडलं मॅडम."

माझ्या स्क्रीनवर नोंद पडली: भातकुली आलं. मी घड्याळाकडे बघत बसले. मिनिटभरात भातकुली गेलं आणि त्याच क्षणी भातकुली आलं.

"गेलं पाहा! रोज असंच होऊन राहिलं. मी सकाळपासून बसून राहिली इथं. उत्तर अर्धं लिहिलं का फेकते मले बाहेर."

"ऑफिसला सांगितलं नाही?"

"चार वेळा सांगितलं. बाबू म्हणतात, भातकुलीत नेट चालतेच कुठी."

झालं होतं ते असं. नेट मध्येच तुटलं की तुमचं जुनं कनेक्शन आत लटकत राहतं आणि तुमचं नाव अडवतं. म्हणून रखवालदाराला एक अधिकार दिलेला असतो: योग्य पासवर्ड घेऊन कोणी आला, तर त्याच नावाने आधी बसलेल्याला बाहेर काढ. आमच्या धंद्यात त्या लटकणाऱ्याला घोस्ट म्हणतात. शबाना आत आली की बॉट बाहेर. बॉट मिनिटभराने परत यायचा, पासवर्ड द्यायचा आणि शबाना बाहेर. तो थकत नाही, जेवायला उठत नाही. पासवर्ड दोघांचाही बरोबर. रखवालदाराची चूक शून्य.

तीन वाजता शबाना आली. एसटीच्या धुळीने माखलेली, हातात पिशवी. साहेबांनी बसायला सांगितलं नाही. मी खुर्ची ओढून दिली.

"तुमचं काही म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं.

"सर, मी उत्तरं देते. ते पोचतच नाही."

"लॉग खोटं बोलतो का?"

मी साहेबांचा मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. "सर, भातकुली आत्ता ऑनलाइन आहे का?"

"आहे ना. हिरवा दिवा दिसतोय."

"आणि शबाना कुठे आहेत?"

साहेबांनी शबानाकडे बघितलं. मग मॉनिटरकडे. मग पुन्हा शबानाकडे.

"घरी कोणाला बसवून ठेवलंय का तुम्ही?"

"सर, घरी अम्मी हाये. तिले मोबाइल उचलता येत नाही."

मी टाइप केलं: भातकुली, आज काय विशेष? लगेच उत्तर आलं: भातकुली तालुका, आज हलक्या सरींची शक्यता, वारा पश्चिमेकडून. बाहेर ऊन रखरखत होतं. मी पुन्हा विचारलं: तुमचं नाव काय? उत्तर आलं: भातकुली तालुका, आज हलक्या सरींची शक्यता.

"हा बॉट आहे," मी म्हटलं. "तुमच्याच आदेशाने बसलाय."

साहेबांनी दोन्ही उत्तरं पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बंद करा तो."

"बंद केला तर उद्या नऊ तालुक्यांना अंदाज जाणार नाही. फवारणी करू की थांबू, हे लोक त्यावर ठरवतात. त्याला स्वतःचं नाव द्या, एवढंच पुरे."

काळे बाबूंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला. "पद मंजूर नाही सर. मी आधीबी सांगितलं होतं."

"मग काय करायचं?"

बाबूंनी विचार केला. हा माणूस अडवतो तितक्याच तन्मयतेने वाटही काढतो. "रोजंदारीवर घेता येते. त्याले पद लागत नाही. साहेबाच्या अधिकारात हाये. विनामोबदला लिहू. फक्त तीन महिन्यांनी एक दिवस खंड द्या लागन, नाही तं उद्या कायम करा म्हणन."

"बॉट?" मी विचारलं.

"नियम नियम हाये मॅडम."

साहेबांनी सही केली. मी तिथेच बसून 'पाऊस' नावाचं अकाउंट उघडलं, त्याला स्वतःचा पासवर्ड दिला आणि दुसऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घेतला. नाव अडलेलं दिसलं तर थांबायचं आणि मला कळवायचं. प्रोग्रॅमला एवढं शिकवायला दोन ओळी लागतात.

"ठीक आहे, जा आता," साहेब शबानाला म्हणाले. "गैरसमज झाला."

ती उठली नाही. "सर, लेखी द्या."

"काय लेखी?"

"का मी हजर होती. आन उत्तरं माह्या चुकीनं नाही अडकली. शनिवारी दुसरा कोणी फाइल पाहीन तं त्याले हे कोण सांगन?"

साहेबांनी बाबूंकडे बघितलं. बाबू म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राहिली सर." पत्र टाइप झालं, सही झाली. शबानाने ते तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं, तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली आणि मगच घडी घालून पिशवीत ठेवलं. शनिवारी ती कायम झाली. खारं पाणी फवारणीला चालत नाही, हे उत्तर त्याआधीच, त्याच संध्याकाळी, तिने त्या शेतकऱ्याला स्वतः फोन करून दिलं. तोवर त्याने त्याच पाण्याने अर्धा एकर फवारून टाकला होता.

सर्व्हर ओळख पटवतो म्हणजे पासवर्ड जुळवतो. माणूस तोच आहे का, हे तो बघत नाही. त्यासाठी कोणीतरी फोन उचलून विचारायला लागतं. आमच्याकडे तीन महिने कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने भातकुलीला गेले. शबानाला म्हटलं, नवीन पासवर्ड टाका, कोणालाच सांगू नका, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तिने बराच लांब टाकला असावा, कळा पुष्कळ वाजल्या.

"लक्षात राहील ना?" मी विचारलं. "काय ठेवला?"

"मॅडम, तुमीच तं म्हटलं, कोणालेच सांगायचा नाही."

मी अमरावतीला परत आले आणि स्टँडवरूनच चांदूर रेल्वे तालुक्याची एसटी पकडली. तिथला चार्जमध्ये मिळालेला पासवर्ड अजून खुर्चीचाच होता.