दादा कोणावर हसायचे

मिलिंददादा गेले आणि मला वाईट वाटलं नाही.

परवा हार्ट अटॅकने गेले. जेमतेम चाळिशीचे होते.

तेव्हापासून लॅबच्या ग्रुपवर फोटो पडतायत. "आमचा हसरा दादा." "दादा, तुमची मस्करी मिस करू."

मला वेगळा मेसेज आला. "सिद्धेश, तू छान लिहितोस. दादांवर दोन ओळी टाक ना."

टाकतो. दोन ओळींत मावणार नाहीत.

बीएस्सी झाल्यावर बोईसरला एमआयडीसीत लॅबला लागलो, तेव्हा दादा आमचे सीनियर होते. पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठला रे तू?"

"शिरगाव."

"घरी काय करतात?"

"बोट आहे. आई मासे विकते."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. मी तेव्हाही काडीच होतो. म्हणाले, "मग तू सुकट!"

लॅब हसली. मीही हसलो. नवीन होतो.

त्यानंतर माझं नाव मस्टरवरच राहिलं. "सुकट, सॅम्पल आण." "सुकट आला, खिडकी उघडा."

त्याच वर्षी मला डिप्रेशन आलं. दादांमुळे आलं असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, एकाच कारणाने येत नाही.

पण ते असताना रोज दादांसमोर उभं राहणं काय असतं, ते मला विचारा.

ब्रश हातात घेऊन बेसिनपाशी उभा राहायचो आणि पुढे काय करायचं तेच सुचायचं नाही. अंघोळ म्हणजे डोंगर. शर्टाची बटणं म्हणजे डोंगर.

काका म्हणायचे, "समुद्राला लागून घर, डिप्रेशन कसलं? लोक पैसे देऊन येतात इथे!"

मावशीचं म्हणणं, लग्न लावून द्या.

पालघरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आईने एकच विचारलं, "या जेवल्यावर घ्याच्या का आदी?"

मी म्हटलं, "जेवल्यावर." त्या दिवसापासून ती मला जेवल्याशिवाय उठू देत नाही.

दादांनी ती गोळ्यांची स्ट्रिप माझ्या बॅगेतून काढली. कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर. नाव मोठ्याने वाचलं, मोबाईलवर सर्च केलं आणि जाहीर केलं, "आपलं सुकट मेंटल आहे!"

तेव्हा कोण कोण हसलं, मला पाठ आहे. आज त्यांचेच मेसेज सगळ्यात लांब आहेत.

मग व्हिडिओ.

टायट्रेशन करत होतो. मध्येच माझं डोकं बंद पडलं. तेव्हा असं व्हायचं. फ्लास्कमधला रंग बदलला की थांबायचं असतं. तो कधीच बदलून गेला होता आणि मी नुसता बघत उभा.

दादांनी शूट केलं. खाली रडकं गाणं लावलं. वर लिहिलं, "सुकट हँग झालं." ग्रुपवर टाकलं.

मी एचआरकडे गेलो. उत्तर मिळालं, "अरे, मस्करी आहे ती. एवढं सेन्सिटिव्ह राहून प्रायव्हेटमध्ये कसं चालेल?"

तोवर व्हिडिओ गावापर्यंत पोचला होता. बोटी लागतात तिथे कुणीतरी आईला दाखवला. घरी येऊन तिने मला नेहमीसारखं जेवायला वाढलं. मला वाटलं, तिला कळलाच नसेल.

आई रविवारी बोईसरच्या बाजारात बसते. त्या रविवारी मी तिच्यासोबत होतो. आणि दादा पिशवी घेऊन समोर उभे.

"अरे सुकट! ही तुझी आई? बघा मावशी, तुमचा पोरगा लॅबमध्ये उभ्या उभ्या झोपतो हां!"

आईने हातातला कोयता खाली ठेवला.

"तूच काय तो? इडिओ काढनारा?"

"मस्करी केली हो मावशी."

"मस्करी? मग माजा पोर का नाय हसला?"

दादा हसले. नेहमीसारखे, मोठ्याने. आजूबाजूच्या मासेवाल्या बायका वळून बघायला लागल्या.

"काढ मोबाईल. माजा पन इडिओ काढ. टाक तुज्या गुरूपवर. माजा पोर आजारी हाय, गोल्या खातो नि तरी कामाला जातो. ह्ये पन टाक."

"मावशी, पापलेट द्या ना, जाऊ द्या…"

"तुला नाय देनार. दुसरीकडं बघ."

शेजारची बाई म्हणाली, "माज्याकडं पन नाय." तिच्या पलीकडच्या बाईने तर पाटीवर फडकंच ओढलं.

दादा एकटेच हसत होते. मग तेही थांबले. रिकामी पिशवी घेऊन गेले.

सोमवारी व्हिडिओ ग्रुपवरून उडाला. सॉरी नाही. त्यानंतर दादा माझ्याशी कामापुरतंच बोलले. लॅबमधले माझे सगळ्यात बरे महिने तेच.

काल त्यांच्या घरी गेलो. जायचं नव्हतं. आईच म्हणाली, "मयताच्या घरी जायाचा. तू तुजा वाग."

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी, शाळेतली, रडून डोळे सुजलेली. मी नमस्कार केला, तर वहिनी रडता रडता हसल्या.

"तुम्हीच ना सुकट? तुमचे किस्से घरी फार सांगायचे हो हे. आम्ही किती हसायचो! फार जीव होता तुमच्यावर."

त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी म्हटलं, "वहिनी, माझं नाव सिद्धेश."

त्या गोंधळल्या. मी बाहेर येऊन चपला घातल्या.

तर ही माझी पोस्ट. "गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये," हे सांगायला जे येतील, त्यांनी जिवंत माणसाबद्दल काय काय लिहिलं होतं, त्याचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत.

वहिनींना आणि मुलीला हे सोसायची ताकद मिळो. हे मनापासून.

मिलिंददादा, तुमच्या मुलीला तुम्ही चांगले बाबा म्हणून आठवा.

मला जसे होतात तसेच आठवाल.

निरोप.