बी काय म्हणतं

आमच्या द्राक्षबागेच्या लाल वाईनचा पहिला घोट घेऊन कालच्या पाहुण्यांनी तोंड वाकडं केलं. "गोड नाही हो ही!"

शेजारी आण्णा उभे होते, माझे वडील. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. ते म्हणाले, "गोडी आंबताना गेली, साहेब. आता उरली ती आमची माती."

पाहुणे दुसरा घोट सावकाश प्यायले. मला मात्र गेल्या वर्षीची तोडणी आठवली.

मी घरातली पहिली पदवीधर. रसातली साखर मोजायचं यंत्र मीच बागेत आणलं. यंत्र म्हणालं, तोडा. आण्णांनी एक मणी तोंडात टाकला, बी दाढेखाली फोडलं. "अजून हिरवट लागतंय. थांब, पोरी."

आभाळ भरलेलं. एक सर आली तरी मणी तडकणार, वर्षाची मेहनत मातीत. मी चिडून म्हणाले, "पाऊस काय बी चावून येणार आहे का?"

"नाही. पण कच्ची तोडलीस तर तोंडात तुरटपणा राहील, आणि नाव आपल्या घराचं जाईल."

आठ दिवस आम्ही आभाळाकडे बघत थांबलो. पाऊस हुकला. नवव्या दिवशी बी फुटाण्यासारखं कडकन फुटलं आणि आण्णा हसले. तीच ही वाईन.

यंत्र अजून माझ्या खिशात असतं. ते खोटं बोलत नाही. पण आज सकाळी आण्णांनी मणी माझ्या हातावर ठेवला. "माझ्या दाढा पडल्या. तोडायचं कधी, ते आता तू सांग."

पदवी हातात पडली तेव्हाही ऊर एवढा भरून आला नव्हता.