सलाईनचं चाक

माझ्या सासूला मी एकदा जवळजवळ मारलंच होतं, आणि तेही भाताची आवणी खोळंबली म्हणून. आता मीच आजी झाले, तेव्हा सांगायला हरकत नाही. त्या वेळी मी चाळिशीची होते. अंगात जोर होता, तोंड त्याहून जोरात चालायचं आणि डोकं बहुधा घरी उंबऱ्यावर ठेवून निघत असे.

सासूला दोन दिवस जुलाब-उलट्या होत होत्या. आमच्या शेणव्याहून जीपमध्ये घालून तिला तालुक्याच्या एका दवाखान्यात आणलं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. तिथल्या सिस्टरने तिला खाटेवर घेतलं. शीर सापडेना, तरी न चिडता हात चोळून चोळून शोधली आणि सलाईन लावली. मग नळीवरचं छोटं चाक फिरवून, घड्याळाकडे बघत थेंब मोजले. म्हणाली, यांचं हृदय अशक्त आहे, पाणी हळूहळूच जायला हवं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरू शकत नसे.

चित्त सगळं शेतात. रोपं उपटून, मुठी बांधून बांधावर पडलेल्या. ज्या बायांच्या शेतात मी आठ दिवस वाकून आवणी केली, त्या आज माझ्याकडे फेडायला आल्या होत्या, आणि मीच गायब. उद्या त्या दुसऱ्या कुणाच्या शेतात जाणार. परतीची शेवटची जीप संध्याकाळी. सिस्टर म्हणाली होती, ही बाटली संपली की पुढचं बघू. मी आपला सोयीचा अर्थ काढला, की बाटली संपली की घर. आणि ती बाटली तर संपायचं नाव घेईना. एक थेंब पडायचा, दुसरा विचार करत लटकायचा.

एवढ्या मोठ्या वॉर्डात ती सिस्टर एकटी. तरी दर थोड्या वेळाने येऊन आमची बाटली बघून जायची. एकदा तिने सुईवाटे कसलंसं औषधही सोडलं. मग ती टोकाच्या खाटेवर कुणाची जखम बांधायला गेली. मी सासूकडे बघितलं. डोळे मिटलेले दिसले. वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडायचं तर बांध जरासा कोरायचा, एवढं शहाणपण माझ्याकडे जन्मभराचं होतं. मी चाक फिरवलं. थेंबांची धार झाली. एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या पोरीला कळू नये, याचं मला नवल वाटलं.

बाटली बघता बघता रिकामी होत आली. मी पिशवी आवरली, सासूच्या चपला खाटेखालून काढून ठेवल्या.

मग सासू खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तिने उठायची धडपड केली आणि माझा दंड असा धरला, की नखं रुतली. तिच्या छातीतून आवाज येत होता, खेकड्याच्या बिळात पाणी शिरल्यावर येतो तसा. ओठ जांभळे. मी हाक मारायला तोंड उघडलं.

पण सिस्टरला हाक मारावी लागलीच नाही. तिने लांबूनच तो आवाज ओळखला असावा, कारण ती पळतच आली. आधी सलाईन बंद केली. सासूला उठवून बसवलं, पाय खाटेखाली सोडले आणि आपला खांदा तिच्या पाठीला लावला. दवाखान्यातल्या कामवाल्या मावशीला ऑक्सिजनची टाकी ओढत आणायला सांगितली. मास्क बसवला. मग चाकाकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि माझ्याकडे.

"चाकाला हात कोणी लावला?"

"नाय बा," मी म्हणाले. वर शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे संशयाने बघितलं. इतकी मी गुणाची.

सिस्टरचा आवाज चढला नाही. सासूची नाडी धरूनच ती बोलली. "वहिनी, मघाशी मी यांना औषध दिलंय. त्याची रिअॅक्शन असेल तर माझी पुढची सुई वेगळी. पाणी जास्त गेलं असेल तर वेगळी. रागवायला मला वेळ नाय. एकदाच सांगा."

खरं सांगितलं तर नवरा काय म्हणेल, गाव काय म्हणेल, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. आणि नाही सांगितलं, तर ही समोर बसलेली बाई चुकीच्या सुईने जाईल.

"मी फिरवलं," मी म्हणाले.

तिने नुसतं "बरं" म्हटलं, फोनवर डॉक्टरांना जसं घडलं तसं सांगितलं, आणि त्यांनी सांगितलेली सुई दिली. लघवीची नळी घातली, पिशवी खाटेला अडकवली. मला म्हणाली, इथं खाली बसा, पिशवीवर नजर ठेवा, भरायला लागली की सांगा. जे पाणी मी घाईने आत सोडलं, ते आता बाहेर यायची वाट बघायची होती. मी फरशीवर बसले. देवाला हात जोडतात तसे त्या रिकाम्या पिशवीला जोडले. वर छातीतली गुडगुड चालूच होती. ती जरा थांबली, की मला वाटायचं, सासूच थांबली. बाहेर रस्त्यावर शेणव्याच्या जीपने हॉर्न दिला, दोनदा. नंतर जीप गेल्याचा आवाज.

दिवे लागले तेव्हा पिशवीत बोटभर पाणी दिसलं. मी ओरडलेच. सिस्टर आली, छातीला नळी लावून ऐकलं, आणि पहिल्यांदाच स्टुलावर टेकली. "मला वाटलं, गेल्याच आता," ती म्हणाली. तोवर मला वाटत होतं, त्या दुपारी भ्यायलेली मी एकटीच.

रात्र मी जागून काढली. सकाळी मास्क निघाला. सासूने पाणी मागितलं, सिस्टरने चमच्याने दोन घोट दिले आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. मी सासूचे पाय धरले आणि रडत सगळं सांगायला लागले. तिने मला मधेच थांबवलं. आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट.

"मी बगत व्हते गो तुला चाक फिरवताना. बोलले नाय. आवणी माझी पन रायली व्हती ना."