याकूब पेंटरची हरकत

रंगवायला दिलेला मजकूर आधी नीट वाचून घ्यायची खोड याकूबभाई पेंटरांना होती. पाटी रंगवणाऱ्याने अक्षरं बघावीत, अर्थ कशाला बघावा, असं आमच्या साहेबांचं मत. राजुऱ्याच्या पुढच्या आमच्या गावात मी नगरपंचायतीत बाबू होतो आणि कचेरीच्या सगळ्या पाट्या याकूबभाईच रंगवत.

एकदा मी त्यांना एक जाहीर सूचना रंगवायला दिली. खाणीचा कोळसा नेण्यासाठी बाजाररस्त्यावरून रेल्वेरूळ टाकायचे होते. कुणाची हरकत असल्यास महिनाभरात लेखी द्यावी. सूचना ठळक जागी लावावी असा नियम आहे. साहेबांनी ठळक जागा निवडली ती कोंडवाड्याच्या मागची भिंत. ब्रश पुसत याकूबभाई म्हणाले, "साहेब, ढोरांची हरकत घेऊन राह्यले का?"

पाटी तिथेच लागली. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर याकूबभाईंच्या दुकानाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत झळकला, वर पिवळी किनार. साहेब खूप तणतणले. पण पुसणार कसं? मजकूर सरकारी होता आणि खाली नाव साहेबांचंच होतं.

सुनावणीला पहिली हरकत अर्थात याकूबभाईंचीच. "गाडी रस्त्यात उभी राह्यली तं मानसानं कुठून जाचं? दवाखाना, शाळा, कब्रस्तान, सारं तिकडंच हाय." साहेब म्हणाले, अर्ज तीन प्रतींत हवा. दुसऱ्या तारखेला तीन प्रती आल्या, तर म्हणे नकाशा नाही. तिसऱ्या तारखेला त्यांनी नकाशाच रंगवून आणला. त्यात कब्रस्तान अगदी हिरवंगार काढलेलं.

मी विचारलं, "याकूबभाई, यालेच एवढा रंग काऊन?"

"बाबू, दवाखान्यातून मानूस वापस येते. इथी एकच खेप हाय. तेवढी तं बिनाअडचन होऊ द्या."

साहेबांनी मला खूण केली आणि मी इतिवृत्तात लिहिलं, 'मुद्दा नोंदवला.' आमच्या कचेरीत याचा अर्थ विषय संपला असा होतो. मंजुरीच्या आदेशात एक ओळ आली, 'गाडी चालती राहणार असल्याने नागरिकांना अडथळा संभवत नाही.' हा आदेश गाडीला मात्र कुणी वाचून दाखवला नाही. रूळ पडल्यापासून ती मनाला येईल तिथे, मनाला येईल तितका वेळ उभी राहते.

यंदा याकूबभाई गेले. जनाजा त्यांच्या दुकानापाशी आला, तर पुढे रुळांवर कोळशाची मालगाडी उभी. इकडे इंजिन दिसेना, तिकडे शेवटचा डबा. ऊन चढत होतं आणि आम्ही खांदे बदलत तासभर तिथेच उभे होतो. बाजूच्या भिंतीवर त्यांची अक्षरं अजून शाबूत होती, पिवळ्या किनारीसकट: 'हरकत असल्यास लेखी द्यावी.'

त्यांचा थोरला मुलगा सलीम माझ्याकडे वळला. "काका, आता कुठून जाचं?"

इतकी लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती. हाच प्रश्न तीन प्रतींत, नकाशासकट, मीच नोंदवून घेतला होता.